बायर्नमधली चौथी

२०२२ च्या फेब्रुवारीत आम्ही पुण्याहून एर्लांगनला आलो, तेव्हा माझी मुलगी दुसरीत होती आणि वर्गात बाकावर बसून शिकणे म्हणजे काय, हे तिला जवळजवळ ठाऊकच नव्हते. पहिलीचे सगळे वर्ष आणि दुसरीचा बराचसा काळ तिने घरच्या जेवणाच्या टेबलावर, मोबाईलच्या पडद्यासमोर काढला होता. त्यामुळे शाळेची घंटा, डब्याची सुट्टी आणि शेजारच्या मुलाशी होणारी भांडणे या गोष्टी तिला पहिल्यांदा भेटल्या त्या जर्मनीत, आणि तेही एक अक्षर न समजणाऱ्या भाषेत. एर्लांगन हे न्यूरेंबर्गला लागून असलेले, विद्यापीठाचे आणि सीमेन्सचे गाव असून ते बायर्न राज्यात, म्हणजे ज्याला आपण बव्हेरिया म्हणतो त्या राज्यात येते. हे राज्याचे नाव पुढे फार महत्त्वाचे ठरणार होते, याची तेव्हा आम्हांला कल्पना नव्हती.

प्रवेशासाठी आम्ही पुण्याच्या सवयीने फाइल तयार केली होती: जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि त्या सगळ्याचे प्रमाणित भाषांतर. मुलाखत होईल, देणगी विचारतील, प्रतीक्षायादी असेल, असे काहीबाही मनात होते. प्रत्यक्षात नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद झाल्यावर शाळा त्या पत्त्यानेच ठरली, कारण बायर्नमध्ये प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेची हद्द आखलेली असते आणि त्या हद्दीतील मुलाने त्याच शाळेत जायचे असते. फी नाही, गणवेश नाही. मुख्याध्यापिकांनी एकच गोष्ट दोनदा बजावली, की शाळेत येणे हे येथे कायद्याने बंधनकारक आहे आणि घरी शिकवण्याची मुभा नाही. याचा अर्थ पुढच्या वर्षी कळला. माझ्या भावाच्या लग्नासाठी मी आठ दिवसांची रजा मागितली, तेव्हा मोठ्या मिनतवारीने दोन दिवस मिळाले, आणि सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी विमानतळावर पोलीस शाळकरी वयाच्या मुलांची चौकशी करतात ही ऐकीव गोष्ट नसून खरोखर घडलेली आहे, हेही समजले.

पहिले वर्षभर मी जी तुलना करत होते ती आता आठवली, की थोडे हसू येते. शाळा सकाळी आठला भरते आणि काही दिवशी साडेअकरालाच सुटते, गृहपाठ अर्ध्या तासाचा, पहिलीत आकड्यांत गुण नाहीत, मुले पावसातही मैदानावर सोडतात, तिसऱ्याच आठवड्यात बाईंनी मुलीला एकटीने चालत पाठवायला सांगितले. हे सगळे मी साताऱ्याला आईला फोनवर रंगवून सांगत असे. पुण्यात रिक्षावाल्या काकांच्या हाती मुलगी सोपवतानाही माझा जीव वर-खाली होत असे, आणि येथे ती पिवळी पट्टी बांधून दोन चौक एकटी ओलांडत होती. ‘येथे मुलांवर कसलाच ताण नाही’ हे माझे त्या काळचे लाडके वाक्य होते. ते चुकीचे होते असे नाही. ते दुसरीपुरते खरे होते.

मराठीचा तिला अनपेक्षित उपयोग झाला तो गणितात. जर्मन भाषेत एकवीस म्हणताना आधी एक म्हणतात आणि मग वीस, म्हणजे ‘आइन-उंड-झ्वान्त्सिश’, शब्दशः ‘एक आणि वीस’. इंग्रजी माध्यमातून आलेल्या एका मुलाला हा उलटा क्रम महिनाभर छळत होता. तो त्रेपन्न ऐकून पस्तीस लिहीत असे. माझ्या मुलीला आम्ही घरी एकवीस, बावीस, तेवीस असेच मोजायला शिकवले होते, तेव्हा तिला तो क्रम उलटा वाटलाच नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता आणि गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना किती शांतपणे त्यामागचा विचार समजावून सांगावा लागला होता, हे मला आठवत होते. जर्मनीतही नेमका हाच आग्रह धरणारी एक संघटना आहे आणि तिचे नावच ‘वीसएक’ असे आहे, हे कळल्यावर मात्र मला फार बरे वाटले. बाकी गणितात चिन्हांनी गोंधळ घातला. गुणाकारासाठी मध्यावर एक टिंब, भागाकारासाठी आपल्या गुणोत्तराचे दोन टिंबांचे चिन्ह आणि दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम. दुकानातील किंमतीच्या पाट्या वाचून वाचून तो स्वल्पविराम आमच्या अंगवळणी पडला.

खरी अडचण दुसऱ्याच ठिकाणी होती आणि ती मला तिसरीच्या मध्यावर, पालकभेटीत समजली. येथे पालक मुलांच्याच बुटक्या खुर्च्यांवर बसतात, त्यामुळे गुडघे हनुवटीपाशी आणून मी बाईंचे म्हणणे ऐकत होते. त्या म्हणाल्या, की मुलगी हुशार आहे, शिस्तीची आहे, परंतु ती वर्गात बोलत नाही. मी अभिमानाने सांगितले, की आमच्याकडे मुलांना तसेच वळण लावतात. बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मग समजावले, की तासाला हात वर करून बोलणे, प्रश्न विचारणे, दुसऱ्याच्या उत्तरात भर घालणे हे येथे गुणांकनाचा भाग आहे. जे मूल बोलत नाही, त्याला काय येते हे शिक्षकाला कळणार कसे? ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे वाक्य मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत चार वर्षे पाळले होते आणि नकळत घरीही वापरत होते. येथील मुले तेच बोट, तर्जनी, बोलण्याची परवानगी मागण्यासाठी वर करतात. ओठांवरचे बोट उचलून डोक्याच्या वर न्यायला माझ्या मुलीला सात-आठ महिने लागले, आणि त्या महिन्यांत तिच्या जर्मन भाषेपेक्षा तिच्या मौनाने तिचे अधिक नुकसान केले, असे माझे आजचे मत आहे.

दुसरा धडा मला स्वतःला मिळाला. आपल्याकडच्या परिसर अभ्यासासारखा येथे एक विषय आहे; त्यात गावाचा नकाशा, पाणी, वीज, प्राणी, वाहतुकीचे नियम असे सगळे येते. विजेच्या चाचणीसाठी मी तिच्याकडून वाहक आणि अवाहक पदार्थांची यादी घोटून घेतली: तांबे, लोखंड, ॲल्युमिनियम इकडे, लाकूड, काच, रबर तिकडे. यादी तिला झोपेतही आली असती. प्रश्न आला तो असा, की तुझ्याजवळ एक बॅटरी, एक छोटा दिवा आणि तारा आहेत. पेन्सिलीच्या आतल्या शिशातून वीज जाते की नाही हे तू कसे शोधशील, आकृती काढ आणि पूर्ण वाक्यांत लिही. शिसे माझ्या यादीत नव्हते. तिने यादी लिहिली आणि तिला चार मिळाले. येथे १ हा सर्वोत्तम आणि ६ हा सर्वांत वाईट शेरा असतो, आणि तपासलेली चाचणी पालकांच्या सहीसाठी घरी येते. त्या सहीखाली मला स्वतःचेही गुण दिसत होते. त्यानंतर मी पाठांतर सोडले असे सांगणे खोटे ठरेल, कारण पाढे आम्ही तीसपर्यंत केलेच आणि त्याचा तिला आजही फायदा होतो. मात्र परिसराचा विषय मी तिच्या बाबांकडे सोपवला आणि त्या दोघांनी स्वयंपाकघरातील दर वस्तूला तारा लावून पाहिल्या.

चौथीच्या सुरुवातीला, २०२३ च्या शरद ऋतूत, शाळेने पालकांसाठी माहितीची संध्याकाळ ठेवली आणि ‘ताण नाही’ या माझ्या वाक्याचा त्या संध्याकाळी निकाल लागला. बायर्नमध्ये प्राथमिक शाळा चौथीला संपते. पाचवीपासून मुले तीन प्रकारच्या शाळांत विभागली जातात: विद्यापीठाकडे नेणारे नऊ वर्षांचे गिम्नाझियुम, दहावीपर्यंतची रेआलशूल आणि व्यवसायशिक्षणाकडे अधिक झुकलेली मिटेलशूल. ही विभागणी सहसा पालकांच्या इच्छेने किंवा प्रवेशपरीक्षेने होत नाही. चौथीच्या वर्षात झालेल्या चाचण्यांवरून जर्मन, गणित आणि परिसर या तीनच विषयांचे शेरे ठरतात आणि त्यांची सरासरी मे महिन्याच्या सुरुवातीला मिळणाऱ्या संक्रमण-दाखल्यावर छापून येते. २.३३ पर्यंत सरासरी असेल तर गिम्नाझियुम, २.६६ पर्यंत रेआलशूल, त्यापुढे मिटेलशूल. म्हणजे दोन विषयांत २ आणि एकात ३ असेल तर मूल गिम्नाझियुमला पात्र, आणि एकात २ व दोहोंत ३ असतील तर नाही. संगीत, चित्रकला, खेळ यांचा हिशेब नाही. मूल तेव्हा दहा वर्षांचे असते.

मला माझी चौथी आठवली. १९९२ मध्ये मीही चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसले होते. मराठी, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी, शाळा सुटल्यावरचे जादा तास आणि गुरुजींनी फळ्यावर लिहिलेली आदल्या वर्षीच्या गुणवंतांची नावे. (मधली काही वर्षे ती परीक्षा पाचवी आणि आठवीला घेत.) त्या परीक्षेची धास्ती काही कमी नव्हती. माझे नाव यादीत आले नाही, मी दोन दिवस रडले आणि जूनमध्ये यादीत आलेल्या मैत्रिणीच्याच शेजारी, पाचवीच्या त्याच वर्गात बसले. आपल्याकडे चाळणी लागते ती दहावीनंतर, कला, वाणिज्य, विज्ञान अशी, आणि तेव्हा मूल पंधरा-सोळा वर्षांचे असते. आपल्या व्यवस्थेतला ताण जोरात वाजतो, शिकवण्यांच्या पाट्यांवर आणि वर्तमानपत्रातील टक्केवारीत तो सगळ्यांना दिसतो. येथील ताण दुपारी साडेअकराला सुटणाऱ्या शाळेच्या आड शांतपणे बसलेला असतो. दोन देशांतल्या शाळांची तुलना करताना मी तास, दप्तराचे वजन आणि गृहपाठ मोजत राहिले. विचारायला हवे होते ते हे, की मुलाची वाट कोण ठरवतो आणि कितव्या वर्षी.

आणि ‘जर्मनीत असे असते’ हे म्हणणेही अर्धवट आहे, हे लवकरच लक्षात आले. शिक्षण हा येथे सोळा राज्यांचा आपापला विषय आहे. श्टुटगार्टला राहणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीची मुलगीही त्याच वर्षी चौथीत होती. पण तिच्या राज्याने, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गने, प्राथमिक शाळेच्या शिफारशीची सक्ती २०१२ मध्ये काढून टाकली असल्यामुळे तिने हवी ती शाळा स्वतः निवडली आणि अर्ज भरून मोकळी झाली. आता तेथेही नियम पुन्हा कडक झाले आहेत. बर्लिनमध्ये तर प्राथमिक शाळाच सहावीपर्यंत चालते. आमच्यापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर चौथीचे वर्ष इतके वेगळे असू शकते, हे मैत्रिणीला पटवताना मला बराच वेळ लागला. लवकर चाळणी लावावी की नाही, हा येथील जुना वाद आहे. २००१ च्या डिसेंबरमध्ये पंधरा वर्षांच्या मुलांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणीचे निकाल आले, तेव्हा जर्मनी सरासरीच्याही खाली असल्याचा आणि येथे मुलाचे यश घरच्या परिस्थितीशी फार घट्ट बांधलेले असल्याचा धक्का देशाला बसला होता. आमच्या वर्गातही ते डोळ्यांनी दिसत होते. ज्या घरांत आई-वडील दोघेही जर्मन पुस्तके वाचत, त्या घरांतली मुले जर्मनच्या चाचणीत सहज पुढे जात होती, आणि २०२२ च्या वसंतात युक्रेनहून आलेल्या दोन मुली माझ्या मुलीच्याच बाकावर शब्दकोश उघडून बसत होत्या.

चौथीचे ते आठ महिने कसे गेले, हे सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी चाचणीची चिठ्ठी येई, आम्ही अभ्यास घेऊ, सही करून चाचणी परत पाठवू. जानेवारीत आतापर्यंतच्या शेऱ्यांचा कागद आला, त्यात सरासरी ३ होती आणि घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलले नाही. या सगळ्यात एकच गोष्ट निर्मळ आनंदाची होती: चौथीत सर्व मुलांची सायकलची परीक्षा होते, ती प्रत्यक्ष पोलीस घेतात, छोट्या आखलेल्या रस्त्यांवर हात दाखवून वळणे, थांबणे, उजव्या बाजूने येणाऱ्याला आधी जाऊ देणे हे सगळे तपासतात. ती तिने पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण केली आणि त्या प्रमाणपत्राला साताऱ्याच्या घरात चौकटीत जागा मिळाली.

मार्चमध्ये शाळांचे खुले दिवस असतात. आम्ही एका गिम्नाझियुमला आणि एका रेआलशूलला गेलो. पहिल्या ठिकाणी मोठे ग्रंथालय, वाद्यवृंद आणि सहावीपासून सुरू होणारी दुसरी परदेशी भाषा, लॅटिन किंवा फ्रेंच, यांची माहिती दिली. दुसऱ्या ठिकाणी माझी मुलगी सुतारकामाच्या खोलीत शिरली ती पाऊण तास बाहेरच आली नाही. एका मोठ्या वर्गातल्या मुलीने तिला पॉलिशकागदाने लाकूड कसे घासायचे ते दाखवले होते आणि दोघी एकमेकींशी न थांबता बोलत होत्या. वर्गात बोट वर करायला महिने लावलेली हीच का ती मुलगी, असे माझ्या मनात आले.

मे महिन्यात दाखला आला. गणितात २, जर्मनमध्ये ३, परिसरात ३, सरासरी २.६६. रेआलशूलच्या रेषेवर अगदी टेकलेली. मात्र बायर्नच्या नियमांत एक सवलत आहे: ज्या मुलाची मातृभाषा जर्मन नाही आणि जे पहिलीपासून जर्मन शाळेत शिकलेले नाही, त्याला ३.३३ पर्यंतच्या सरासरीवरही गिम्नाझियुमला जाता येते, पण त्याच्या गुणांतील कमतरता जर्मन भाषेमुळे असून ती भरून निघण्याजोगी आहे असे शाळेला वाटले पाहिजे. तसे न वाटले, तर मे महिन्यातच गिम्नाझियुममध्ये तीन दिवसांचे चाचणीवर्ग असतात, तेथे जर्मन आणि गणितात मूल टिकते का ते पाहतात. बाईंनी आम्हांला बोलावले आणि स्पष्ट सांगितले, की सवलत द्यायला त्या तयार आहेत, दाखल्यावर तसे लिहितीलही. परंतु मुलीला लिहायला वेळ लागतो, पुढच्या दोन वर्षांत इंग्रजीबरोबर आणखी एक भाषा तिच्यावर येईल आणि घरात मराठी आहेच, तेव्हा पालकांनी विचार करून ठरवावे. आयुष्यात पहिल्यांदा जर्मन कार्यालयी कागदाने निर्णय आमच्या हातात दिला होता, आणि तो घेण्याची आम्हांलाच भीती वाटत होती.

आठवडाभर घरात खल झाला. माझ्या नवऱ्याचे म्हणणे सरळ होते, की दार उघडे आहे तर आत जावे, जमले नाही तर खाली उतरता येते. माझे म्हणणे असे, की दहा वर्षांच्या मुलीला ‘खाली उतरणे’ कोणत्या शब्दांत समजावणार? येथील मराठी मित्रमंडळींत ‘गिम्नाझियुमच ना?’ असा एकच प्रश्न होता आणि त्यात ‘ना’ वर भर असे. आईने साताऱ्याहून विचारले, की त्यातली मोठी शाळा कोणती. मी माहितीच्या संध्याकाळी काढलेली टिपणे पुन्हा वाचली. रेआलशूलची दहावी चांगली झाली तर फाखओबरशूल नावाच्या शाळेतून बारावीनंतर उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठात आणि तेरावीनंतर विद्यापीठातही जाता येते. कारखान्यात उमेदवारी करत शिकून पुढे माइस्टर, म्हणजे प्रमाणित उस्ताद कारागीर, झालेल्या माणसालाही २००९ पासून विद्यापीठाचे दार खुले आहे. कागदावर वाटा पुष्कळ आहेत. त्या वाटांनी चालणारी मुले प्रत्यक्षात किती, हा प्रश्न मी त्या आठवड्यात ज्याला त्याला विचारला, आणि एकदा आमचा नळ दुरुस्त करायला आलेल्या गृहस्थांनाही विचारला. ते स्वतः मिटेलशूलमधून आलेले माइस्टर होते, त्यांच्या हाताखाली सहा माणसे होती आणि त्यांना माझा प्रश्नच नीट कळला नाही.

शेवटी आम्ही मूळ दाखला घेऊन रेआलशूलच्या कार्यालयात गेलो. मुलीचे मत घेतले होते, पण सुतारकामाच्या खोलीवरून दहाव्या वर्षी दिलेल्या मताला किती महत्त्व द्यायचे, हे आम्ही दोघेही जाणून होतो. निर्णय आमचा होता आणि त्याची जबाबदारी तिच्यावर ढकलायची नाही, एवढे मात्र ठरवले. ते बरोबर होते की नाही, याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही. गिम्नाझियुमला गेलेल्या तिच्या मैत्रिणीची फ्रेंचची वही पाहिली, की मनात कालवाकालव होते. शनिवारी सकाळी स्वतःहून उठून मुलगी शाळेच्या यंत्रमानव गटाला जाते, तेव्हा ती शमते.

आता ती सहावीत आहे. गेल्या आठवड्यात शाळेतून एक कागद आला: सातवीपासून रेआलशूलमध्ये गट निवडायचा असतो, पहिला गणित आणि विज्ञानाचा, दुसरा वाणिज्य व हिशेबाचा, तिसरा फ्रेंच किंवा कला आणि समाजकार्य यांसारख्या विषयांचा. माझ्या आईला फोनवर हे सांगितले, तेव्हा तिला या देशातली एक गोष्ट पहिल्यांदाच लगेच समजली. ‘म्हणजे आपली अकरावीच की,’ ती म्हणाली, ‘फक्त चार वर्षे आधी.’ कागद शीतकपाटावर चुंबकाने लावलेला आहे. मुलीने पहिल्या गटासमोर पेन्सिलीने फुली केली आहे, तिच्या बाबांनी त्याखाली बारीक अक्षरांत ‘फ्रेंचचाही विचार कर’ असे लिहिले आहे, आणि त्याच्याही खाली तिने पूर्ण वाक्यात, जर्मनमध्ये, आपली कारणे लिहिली आहेत. कागद शुक्रवारपर्यंत परत द्यायचा आहे.